आमच्या गोबरगॅसची टाकी

मिस्त्रीनं बजावलं होतं, पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा आणि कॉक बंद करायचा. मी सोडून दिला. बंद करायचं तेवढं राहिलं. गावात पहिला गोबरगॅस आमचा, बघायला माणसं आलेली. त्यांच्याकडून कौतुक ऐकता ऐकता मी तसाच रहिमतपूरच्या बाजाराला गेलो. परत आलो तर गॅसनं छातीइतकी वर आलेली लोखंडी टाकी खड्ड्यात बसलेली. शेजारी म्हणाला, "गड्या, आख्ख्या गावाला वास जेवू घातलास रं."

नव्या शेगडीला हळदकुंकू लावून बायकोनं वर दुधाचं पातेलं ठेवलं होतं, ते उचलून पुन्हा चुलीवर नेलं. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. धुरानं तिचे डोळे कायम लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या. साताऱ्याच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर सांगितलं होतं, धूर थांबला नाही तर नजर राहायची नाही.

टाकी पुन्हा भरली आणि निळी ज्योत लागली. पहिले काही दिवस ती सवयीनं फुंकणी हातात घ्यायची आणि शेगडीकडे बघून स्वतःशीच हसायची. डोळ्यांची लाली उतरली. मी गावात असा हिंडायचो, की जणू गॅस मीच देत होतो.

मग पावसानं दगा दिला. वैरण आटली तसं शेण आटलं, आणि शेणात तेवढंच पाणी कालवावं लागतं, ते आणायचं कुठून? प्यायच्या पाण्यालाच विहिरीचा तळ खरवडावा लागत होता. टाकी रोज थोडी खाली जायची. ज्योत मोठी व्हावी म्हणून मी टाकीवर दगड ठेवले, एकदा स्वतः जाऊन बसलो. माझ्या वजनानं निम्मा चहा उकळला.

गोठ्यात जनावरं वाळला कडबा चघळत, रवंथ करत उभी असायची. मिस्त्री मागं एकदा म्हणाला होता, शेणातून येतो तोच वायू जनावराच्या तोंडातूनही जातो, ढेकर देतं तेव्हा, आणि तो शेणातल्यापेक्षा जास्त. तेव्हा मला ती थापच वाटली. आता दुपारभर मी गाईसमोर उभा राहायचो. ती ढेकर द्यायची, माझ्या तोंडावर गरम वाफ यायची, आणि घरातला स्वयंपाक आभाळात चाललाय असं वाटायचं. तोंडाला पिशवी बांधावी, असंही मनात येऊन गेलं. पुढं कैक वर्षांनी पेपरात वाचलं, की हाच वायू आभाळात साठून पृथ्वी तापवतो, आणि कोरड्या, निकस चाऱ्यावरचं जनावर दुधाच्या मानानं तो जास्तच सोडतं. म्हणजे आम्ही त्यांना धड खायला घालू शकत नव्हतो, त्याचीही झळ वरच जात होती. त्या उन्हाळ्यात मला फक्त शेगडी दिसत होती.

शेवटी थोरल्या भावानं जनावरं चारा छावणीला नेली. गाय दारातून वळून बघत होती, तिला मीच पुढं ढकललं. दोन दिवसांत टाकी तळाला टेकली.

संध्याकाळी बायकोनं चूल सारवली आणि उसाचं ओलसर पाचट आत सारलं. घरभर धूर झाला. काहीतरी करायला हवं म्हणून मी तिच्या हातातली फुंकणी घेतली आणि जोरात फुंकलं. धूर उलटा आला. आम्ही दोघंही डोळे पुसत बसलो. तिनं फुंकणी माझ्याकडून काढून घेतली.

"आवं, तुमी भाईर बसा," ती म्हणाली. "दोघांचं डोळं कशाला घालवायचं?"