विहीणबाईंची नाळ

आमच्या विहीणबाईंसारखी शुगर अख्ख्या पुण्यात कुणाची नसेल, असं त्यांचंच म्हणणं आहे आणि आता मीही ते मान्य केलं आहे. माझ्या लेकीच्या या सासूबाई. लेक-जावई दिवसभर कामावर, आणि स्वारगेटजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी म्हाताऱ्या समोरासमोर. मी चौथी शिकलेली, त्यांना अक्षर येत नाही, म्हणून औषधांचं खातं माझ्याकडे. शुगरबद्दल त्या सुनेबद्दल बोलावं तशा बोलतात. "काल लई चढली व्हती, आज जरा गप हाय." पहिले काही दिवस मला वाटायचं, माझ्या मुलीचंच चाललंय. डॉक्टर म्हणाले, पेढे बंद करा. यांनी बर्फी सुरू केली. बर्फीचं नाव डॉक्टरांनी घेतलं नव्हतं.

यंदा मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिन घ्या, नाहीतर डोळे जातील. नेमकं त्याच आठवड्यात लेकीने पेपरातलं वाचून दाखवलं, की मूळ पेशींनी मधुमेह बरा करायचे प्रयोग चालू आहेत आणि असल्या पेशी नाळेतही असतात. 'प्रयोग' हा शब्द विहीणबाईंनी सोडून दिला, नाळ धरली. "सुई कशाला? माझी नाळ हाय की. हिंजवडीला, म्हायेरच्या गोठ्यामागं, चिंचंखाली."

"तिला पुरून सत्तर वर्षं झाली," मी म्हटलं.

"हळद लावून पुरलीया."

"लोणचं आहे का ते?"

"तुमास्नी काय कळतंय? तुम्ही शहरात, बुधवार पेठेत जल्मलेल्या. तुमची कुठं टाकली त्ये तरी ठावं हाय का?"

ते मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरांनीही समजावलं, की असे उपचार अजून आपल्याकडे मिळत नाहीत आणि जुन्या नाळेचा काही उपयोग नाही. पण नाळ बघितल्याशिवाय त्या सुई घेईनात. इन्सुलिन फ्रीजमध्ये पडून, आणि इकडे त्यांना समोरचं घड्याळ दिसेना. शेवटी मीच बसने त्यांना हिंजवडीला घेऊन गेले. चिंच जागेवर होती. गोठ्याच्या जागी काचेची कंपनी. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे जायचं, मावशी?"

"माज्या नाळेसाठी आलेय."

"नाळे सर का नाळे मॅडम?"

मी तोंडाला पदर लावला. पोरगा विदर्भातला, सरळ होता. त्याने कॉम्प्युटरवर नाळे शोधलेसुद्धा. "या नावाचं इथं कोणी नाही. अन् पासशिवाय आत सोडता येत नाही."

विहीणबाई गजांतून चिंचेकडे बघत राहिल्या. "नाळ आत, अन् मी भाईर," म्हणाल्या आणि वळल्या. घरी आल्यावर खुर्चीत बसून पदर बाजूला केला. "टोचा."

विहिणीला बोलून टोचायची मला सवय आहे, सुईने ही पहिलीच वेळ. टोचून सुई काढली.

"दुखलं का?"

"न्हाई. तुमच्या बोलन्यापरीस बरं हाय."

आता रोज सकाळी हेच चालतं. मी सुई घेऊन आले की त्या बेंबीवर तळहात झाकून बसतात. नर्सने बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायला शिकवलंय. मी हात काढा म्हणत नाही. तीन बोटं सोडून टोचते.