पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे वडे

काल पोळा झाला, मंडळी. वडे पाहुण्यांनी फस्त केले, कढी मात्र पातेलंभर उरली.

आमच्या घरी दुसऱ्या दिवशी उरलेले वडे गरम कढीत सोडायचे, की झाला स्वयंपाक. आई होती तोवर वडे दरवर्षी उरायचेच. मला वाटायचं, तिचा अंदाज चुकतो. यंदा आई नाही, आणि वडेही नाहीत.

आज सकाळी नुसतीच कढी तापवत होते. तेवढ्यात बाबा आतून स्टीलचा डबा घेऊन आले. डब्यात वडे!

"काल लपवले होते का बाबा?"

"पाहुणे बसायच्या आधी तुही आई दरवर्षी लपवे वं. यंदा मी लपवले."

मी वडे गरम कढीत सोडले आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.

तुमच्या घरी दुसऱ्या दिवसासाठी कोण लपवून ठेवतं?