खडकावरची आठ मिनिटं

"काका गेले," एवढंच चुलतभाऊ फोनवर म्हणाला. मी पुण्यात वर्कशॉपमध्ये तिपाईचे बोल्ट आवळत होते. उरलेले दोन आवळले, हात धुतले आणि अणदूरला निघाले. अर्धवट टाकलेलं काम काकांना बघवायचं नाही...

काका लष्कराच्या सिग्नल विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी लष्करासाठी छोट्या उपग्रहांशी संपर्क साधणारं टर्मिनल डिझाइन करते. पाठीवर नेता येईल अशी तबकडी, तिपाई आणि आतल्या होकायंत्रावरून तबकडीला दिशा देणारी एक पेटी. असा उपग्रह आठेक मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. तेवढ्यात तबकडीनं त्याला गाठलं नाही, तर संदेश राहिला.

गेल्या वर्षी अधिकारी चाचणी बघायला येणार होते. फसली तर आमचं डिझाइन बाद. मोकळं आभाळ हवं म्हणून मी आमचा अणदूरचा माळ सुचवला, आणि माती दबते म्हणून तिपाई उघड्या काळ्या खडकावर ठेवली. काका हातात होकायंत्र घेऊन तिच्याभोवती फिरले.

"अगं, इथं काटा हलतोय. खडकात लोखंड हाय. तुझी पेटी उत्तर चुकंल."

"काका, पुण्यात पन्नास वेळा तपासलंय."

"गच्चीवर तपासलंस. गच्चीवर लढाई होत न्हाय."

मी ऐकलं नाही. उपग्रह आला. आठ मिनिटं पडद्यावर नुसती आडवी रेघ... आणि तो गेला. साहेब माझ्याकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "साहेब, माझा पाय लागला तिपाईला."

काकांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी गप्प राहिले असते तर सुटले असते. पण तीच पेटी उद्या कुठल्या तरी डोंगरावर जवानांच्या हातात गेली असती.

"पाय लागला नाही, सर. काकांनी खडकाचं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मी झाकतोय अन् ही उघडं करतीय!" काका पुटपुटले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुढची फेरी दीड तासानं होती. "थांबतो," म्हणाले. काकांनी बाजूच्या मातीत काठी रोवली. मी त्या वेळची सूर्याची दिशा काढली, काठीच्या सावलीवरून उत्तर दिशा ठरवली आणि पेटीचं होकायंत्र बंद केलं. उपग्रह वर आला, रेघ उसळली. काका मात्र रागानं जेवताना माझ्याकडे पाठ करून बसले.

दहाव्यानंतर त्यांचं कपाट आवरताना मी वाचायला पाठवलेला टर्मिनलच्या माहितीपुस्तिकेचा खर्डा सापडला. 'खडकाळ जागी होकायंत्र तपासावे' या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'माझा पाय लागला असं कुणी म्हणालं, तरी तपासा.'

असलं वाक्य लष्करी पुस्तिकेत बसत नाही, असं ऑफिसात सगळे म्हणाले. मी बसवलं.