नापासांची पाटी

स्वतःच्या धंद्याची दर जूनमध्ये भर रस्त्यावर बदनामी करायची आणि तरी तोच धंदा गावात सगळ्यांत जोरात चालवायचा, हे आमच्या वहिनीच्या मामांखेरीज उभ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला जमल्याचं माझ्या ऐकिवात नाही. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं आणि मॅट्रिक अकरावीला असायची. मलकापुरात स्टेशनाच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात मामांची शिकवणी भरायची. गोदामातला कापूस केव्हाच गेला होता, पण त्याचा भुगा कौलांच्या आणि भिंतींच्या फटींत राहून गेला होता आणि वारा सुटला की तो वर्गावर उतरायचा. शिकवणी सुटली की चाळीस-पन्नास पोरं डोकी पांढरी करून रस्त्याला लागायची. स्टेशनावरचे टांगेवाले ओरडायचे, ''मामाचे पोट्टे पिकले रे!'' मामांच्या काळ्या टोपीवरही तो भुगा असायचा. ती टोपी झटकलेली मी कधी पाहिली नाही. झटकून उपयोग नाही हे एकदा कळल्यावर ती झटकत राहणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं, असं त्यांचं मत असावं. मामांची बरीचशी मतं अशीच होती.

आता बदनामीचं सांगतो. त्या काळातही शिकवण्यांच्या पाट्यांवर 'हमखास पास' असं लिहायची पद्धत होतीच. मामांच्या पत्र्याच्या पाटीवर दर जूनला नवा मजकूर यायचा. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो असा होता : 'मॅट्रिकची शिकवणी. मागल्या साली नापास चार. पैकी दोघांनी अभ्यास केला नाही. दोघांची चूक माझी.' असा मजकूर पहिल्या वर्षी रंगवताना पेंटरने म्हणे ब्रश खाली ठेवला होता. ''मामा, हे दुकानाची पाटी हाय का कोर्टातली कबुली? गिऱ्हाईक पयून जाईन ना तुमचं.'' मामा म्हणाले, ''पयू दे. जे राह्यतीन ते भरोशानं राह्यतीन.'' गिऱ्हाईक पळालं नाही. जो माणूस नापास पोरं दारावर टांगतो तो बाकीचं तरी खोटं कशाला सांगेल, असा हिशेब कापसाच्या दलालांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी केला आणि तिसऱ्या वर्षी पोरांना बसायला सतरंज्या पुरेनात. मामांना मात्र गर्दीचा आनंद झाल्याचं आठवत नाही. ते आणखीच उदास दिसायला लागले. ''जितके जास्त पोट्टे, तितके पाटीवर चढायचे चान्स जास्त,'' म्हणायचे.

मुळात माणूस उदासच. मी बी. ए. होऊन घरी रिकामा बसलो होतो आणि वहिनीने मामांच्या मागे लागून मला तिथे इंग्रजी शिकवायला चिकटवलं. पहिल्या दिवशी मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ''तुले येते का इंग्रजी, का नुसता पास झाला?'' मी म्हटलं, येतं थोडंफार. ''मंग थोडंफारच शिकवजो. न येनारं शिकवू नको.'' स्वतःही ते हेच करायचे. एखादं गणित सुटलं नाही की 'मले येत नाही' असं मोठ्याने सांगून ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवायचे आणि सुटेपर्यंत तो कोपरा कुणी पुसायचा नाही. भूमितीचा एक सिद्धांत तिथे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ठाण मांडून बसला होता. शेवटी मामा एका रविवारी पॅसेंजरने अकोल्याला गेले, कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या ओसरीवर चार तास बसले आणि उत्तर घेऊन आले. सोमवारी ते फळ्यावर मांडलं आणि शेवटी म्हणाले, ''हे माहं नाही. अकोल्याच्या सायबाचं हाय.''

गोदामामागूनच लोहमार्ग जायचा. मालगाडी आली की काही ऐकू यायचं नाही. मामा ज्या अक्षरावर असतील तिथे खडू टेकवून उभे राहायचे. डबे जात राहायचे, पोरं ते मोजत राहायची आणि शेवटचा डबा गेला की मामा त्याच अक्षरापासून पुढे निघायचे. एकदा ते 'त्रिको' म्हणून थांबले आणि गाडीनंतर 'णाच्या' म्हणाले. हसायची कुणाची टाप नव्हती.

गावाला त्यांची खरी धास्ती होती ती सायकलची. एखाद्याचं काही खरं नाही असं वाटलं की मामा परीक्षेच्या दोन महिने आधी त्याच्या घरी जायचे, सायकल ओट्याला टेकवायचे आणि आत जाऊन सांगायचे, ''तुमचा पोरगा नापास होईन.'' मग शांतपणे चहा प्यायचे. त्या दिवसांत सायकल कुणाच्या दारापुढे थांबली की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. तार आली तरी लोक इतके घाबरत नसत.

पण मामांच्या शिकवणीत सगळ्यांत वेगळी गोष्ट होती ती 'सुटी'. दवाखान्यातून मिळते तशी. पोराला सगळं यायला लागलंय असं मामांना वाटलं की वर्ष संपायची वाट न पाहता ते त्याला घरी पाठवायचे. ''ज्याले येते त्याले बसवून ठेवनं म्हंजे लबाडी हाय,'' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी पोराच्या हातात नवा खडू द्यायचा, मामा सांगतील ते गणित त्याने फळ्यावर सोडवायचं आणि मग सगळ्यांना गूळ-शेंगदाणे. दिवाळीच्या आत सुटी मिळालेल्या पोराचे आईबाप गल्लीत छाती पुढे काढून फिरायचे. मलाही या रिवाजाचं फार कौतुक वाटायचं. त्याच रिवाजाने आमचा घात केला.

शेवंता धामणगाव बढ्याची. तिच्या वडिलांचा भाजीपाल्याचा मळा होता. ते पहाटेच्या एस.टी.ने वांग्या-मिरच्यांची टोपली टपावर टाकून मलकापूरच्या बाजारात यायचे आणि येताना पोरीला गोदामात सोडायचे. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. मॅट्रिकला बाहेरून बसणार होती. बापलेकीत एक करार झाला होता आणि तो तिने पहिल्याच दिवशी मामांना सांगून टाकला. ''पास झाली तं अकोल्याले मास्तरनीचं शिकाले धाडतो म्हनते बाबा. नाही तं यंदाच लगन.'' मामा म्हणाले, ''मंग पास हो.'' आणि ती त्याच घाईने अभ्यासाला लागली. दुपारच्या गाडीपर्यंत ती गोदामात बसायची, सगळी पोरं गेली तरी बसायची. आश्विनातच मामांनी तिच्या हातात खडू दिला. फळ्याचा कोपरा त्या वेळी भरलेला होता. मामांनी सांगितलेलं गणित तर तिने सोडवलंच, वर कोपऱ्यातलंही सोडवलं. मामांच्या चेहऱ्यावर मी हसू पाहिलं ते त्या एका दिवशी.

गूळ-शेंगदाणे वाटून झाल्यावर ती मला गोदामाच्या फाटकापाशी गाठायला आली. मामांशी बोलायची तिला भीड वाटत असावी. ''सर, मामाले सांगा ना, मले सुटी नोका देऊ म्हना. घरी मले अभ्यास नाही करू देत कोनी.'' मी हसलो. म्हटलं, ''अगं, पोरं या खडूसाठी जीव टाकतात आणि तू नको म्हणतेस?'' तिने पुन्हा म्हटलं, ''सांगा ना, सर.'' सांगतो म्हटलं. आणि विसरलो. त्या संध्याकाळी मित्रांबरोबर शेगावला जायचं ठरलं होतं, मी गाडी पकडायच्या घाईत होतो. याहून मोठं काही कारण असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

निकालाचं वर्तमानपत्र तेव्हा रेल्वेने यायचं. मामा दरवर्षी फलाटावर जाऊन गठ्ठा सुटायच्या आत आपली प्रत ओढून घ्यायचे आणि तिथेच बाकावर बसून नंबरांवरून बोट फिरवायचे. त्या वर्षी बाकीची सगळी पोरं पास होती. मामांचं बोट एका जागी थांबलं, मागे गेलं, पुन्हा त्याच जागी आलं. शेवंताचा नंबर नव्हता. ''छपाईची चूक असन,'' मी म्हणालो. मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ''चाल बे. एस.टी. सापडते अजून.''

आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा शेवंता वांग्याच्या वाफ्यात वाकलेली होती. आम्हाला पाहून ती घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. हातांना माती तशीच. ''गनितातच गेली, मामा,'' ती म्हणाली. ''येत सारं होतं. हात बसला नोता. चार गनितं सोडवली अन् घंटा झाली.'' मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच. मी तांब्यातलं पाणी संपवलं. आत्ता ही सांगेल, असं मला वाटलं आणि सांगावं असंही वाटलं. तिने तांब्या उचलला आणि ती आत निघून गेली.

तिचे वडील साधा माणूस. बाजेवर स्वच्छ घोंगडी टाकून त्यांनी मामांना बसवलं आणि स्वतः खाली बसले. ''मास्तर, तुमीच तं म्हनलं होतं, पोरीले सारं येते म्हनून. मंग म्या तिले मळ्यात लावलं. येते त्याले रोज काय वाचा लागते?'' त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मामा म्हणाले, ''ऑक्टोबरले पुन्हा बसवू तिले. मी न्याले येतो, मी आनून सोडतो. रोज.'' वडिलांनी हात जोडले. ''लगन ठरलं, मास्तर. पाव्हन्यायले जबान देली म्या. तुमी सांगा, जबान मोडू काय?'' मामांनी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट शिकवली होती, दिलेला शब्द फिरवायचा नाही. ते बाजेवरून उठले. आम्ही परत निघालो. वाटेत मोताळ्याला एस.टी. थांबली तेव्हा मामा म्हणाले, ''म्या तिले येते का नाही एवढंच पाह्यलं. घरी तिले बसाले जागा हाय का नाही, ते पाह्यलंच नाही.'' त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तेव्हाही मी बोललो नाही.

त्या जूनला पाटीवर आलं : 'मागल्या साली नापास एक. चूक माझी.' पुढल्या वर्षी कुणीच नापास झालं नाही, तरी पाटी तीच. त्याच्या पुढल्या वर्षीही तीच. फक्त 'मागल्या साली' काढून टाकलं. समोरच्या गल्लीतले लोक म्हणायचे, मामांना नफा पचत नाही. शिकवणी तर वाढतच गेली. मामांनी शेजारचं गोदामही घेतलं आणि त्यात दिवसभर दार उघडं ठेवून पोरापोरींना अभ्यासाला बसायची सोय केली. सुटीचा खडू त्यांनी पुन्हा कुणाला दिला नाही. सायकल मात्र आता दर घरी जायला लागली, हुशार पोरांच्या घरीसुद्धा. मामा आत जाऊन एवढंच विचारायचे, ''हे पोरगं अभ्यासाले कुठं बसते ते दाखवा.'' मुलीच्या घरी गेले तर जरा जास्त वेळ बसायचे.

शेवटी शेवटी त्यांची नजर गेली आणि गुडघेही. पेंटर गाव सोडून गेला होता, म्हणून एका जूनला पाटी रंगवायला मी बसलो आणि मामा शेजारी खुर्चीवर. 'चूक' लिहून झालं आणि माझा हात पुढे जाईना. इतक्या वर्षांनी मी सगळं सांगितलं. फाटक, शेगावची गाडी, सगळं. मामा ऐकत होते. मग म्हणाले, ''मले मालूम हाय.''

''कवापासून?''

''मळ्यातच समजलं. तिनं तुह्याकडं पाह्यलं ना, तवाच. तू पानी पेत बसला होता.''

''मंग मले बोल्ले काऊन नाही, मामा?''

''शिकवनी कोनाची हाय?''

''तुमची.''

''तुले कोनं ठेवलं तिथं?''

''तुमी.''

''मंग?'' मामा म्हणाले. ''लिही पुढं. रंग वाळून राह्यला.''

मी लिहिलं. त्याच हिवाळ्यात मामा गेले. शिकवणी मला चालवता आली नाही. दोन वर्षांत ती बंद पडली आणि मी शाळेत मास्तर झालो. शेवंताचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. खरं सांगायचं तर मी कधी चौकशी केली नाही, भीतीने. पाटी माझ्याकडे आहे. घरात जागा अडते म्हणून वहिनीने ती भंगारवाल्याला द्यायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा स्वतःच परत आत आणून ठेवली. दर जूनला मी ती बाहेर काढून फडक्याने पुसतो. पुसताना वाटतं, निदान आता तरी त्या शेवटच्या ओळीत माझं नाव घालावं. मग मामा 'हो' म्हणाले नसते हे आठवतं, आणि पाटी पुन्हा आत नेऊन ठेवतो.