डाव्या कानातला आवाज

साठी उलटलेल्या, दोन पोरं वाढवलेल्या बाईनं मोबाइलमागं उभं राहून नातवाला गुळाचा खडा दाखवत राहावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ती बाई मी. तेव्हा मला वाटत होतं, मी घराची अब्रू राखतेय. आज त्या बाईच्या हातातला खडा काढून तिलाच कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं. हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे महिन्यापूर्वी मिरजेहून निरोप आला, वृंदाताई गेल्या. त्या खड्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती, मला होती, आणि जिला ठाऊक असायला हवी होती तिलाच नव्हती.

समर तेव्हा सव्वा वर्षाचा होता. चावायचा, ओरबाडायचा, मनासारखं झालं नाही की फरशीवर डोकं आपटायचा. मुलगा फौजेत, लांब. साताऱ्यात आम्ही तिघंच, मी, नातू आणि सून पल्लवी. पल्लवी माधवनगरची, अबोल पोरगी. तिच्या दंडावर कायम दातांचे निळे वळ. बाळाच्या डॉक्टरांनी वृंदाताईंचं नाव सांगितलं. लहान बाळांच्या अशा वागण्यासाठी आईबापांना त्या मिरजेतून व्हिडिओ कॉलवर मदत करायच्या. समरला घेऊन एस्टीनं गेलो असतो तर कंडक्टरनं आम्हाला कराडातच उतरवलं असतं, त्यामुळे हे बरंच झालं. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, पल्लवीनं कानात हेडफोन घालून समरशी खेळायचं आणि ताईंनी तिकडून बघत तिच्या कानात हळूच सांगायचं... आता त्याचं कौतुक कर, आता मारलं तर रागावू नको, फक्त तोंड फिरव, शांत झाला की लगेच परत वळ.

मला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात थांबा. मी कसली थांबते. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा माझी आत्या दाराआडून खुणा करायची, मान खाली, पदर नीट, हळू चाल. तीच आत्या माझ्या अंगात आली. परकं माणूस घरात डोकावणार, मग पोर नीट दिसायला नको? ताईंच्या फोनआधी मी समरला न्हाऊ घालायची, पोटभर भरवायची, तीट लावून नवा सदरा चढवायची. मग मोबाइलमागं उभी राहून एका हातानं किल्ल्यांचा जुडगा आवाज न होऊ देता हलवायची, दुसऱ्या हातात गूळ. पल्लवी माझ्याकडे पाठ करून बसलेली. पोर असं गुणी वागायचं की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. ताई म्हणायच्या, छान खेळतोय की. फोन बंद झाला की खडा त्याच्या तोंडात, आणि खडा विरघळला की त्याचे दात पल्लवीच्या दंडात.

एकदा भाजी चिरता चिरता पल्लवी म्हणाली, "ताईंच्या समोर किती शहाणा असतो. माझ्या एकटीजवळच असं करतो. म्हणजे दोष माझ्यातच आहे, आई." मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

ताईंनी मात्र ओळखलं. पुढच्या खेपेला म्हणाल्या, आज आजींना खेळू दे. पल्लवी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि मी हेडफोन घातला. त्याची उजवी बाजू बिघडलेली, आवाज डाव्या कानात यायचा. ताई म्हणाल्या, "आजी, समर दर वेळी मोबाइलच्या वर बघून हसतो. तिथं काय आहे हो?"

"भिंत हाय की."

"भिंत गोड दिसतेय. बघताना ओठ चाटतो तो."

सगळं कबूल केलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, मला त्याचं चावणं बघायचं होतं, तुम्ही सदरा दाखवत बसलात." मग म्हणाल्या, "हे पल्लवीला सांगा. मी सांगितलं तर ती तुमच्यावर चिडेल. तुम्ही सांगितलंत तर तुमच्यावर विसंबेल." मी म्हणाले, सांगते की. त्यात काय...

त्यानंतर ताईंनी मलाही शिकवलं. समर डबा उघडत होता, मी म्हणाले, आता झाकण लाव, आता वाजव. कानात आवाज, "काही सांगू नका त्याला. तो काय करतोय तेवढंच म्हणा."

"आवं, त्याला दिसतंय की तो काय करतोय."

"त्याला दिसतंय. तुम्हालाही दिसतंय, हे त्याला कळू दे."

मग मी आपली क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखी सुरू, समरनं झाकण उचललं, समरनं झाकण खाली ठेवलं. शेजारीण खिडकीतून बघून गेली, तिला वाटलं म्हातारीला लागीर झालं. पण पोर माझ्याकडं वळून हसलं, आणि हातात गूळ नव्हता. मग हळूहळू त्याचं चावणं थांबलं. पल्लवीच्या दंडावरचे वळही गेले. आता पहिलीत जातो, मलाच शहाणपण शिकवतो.

राहिलं ते माझं सांगणं. ताईंचे फोन नंतरही सणावाराला यायचे. समरची चौकशी झाली की हमखास विचारायच्या, "सांगितलंत का?" आज पाहुणे आहेत, आज तिचं डोकं दुखतंय, आता सगळं बरं चाललंय तर कशाला जुनं उकरायचं... माझ्याकडं कारणांची टोपली भरलेली. मधल्या काळात पल्लवीनं एकावरच थांबायचं ठरवलं. मी गल्लीभर सांगत फिरले, आजकालच्या पोरींना नोकरी आणि आरसा, दोनच गोष्टी प्याऱ्या. एकदा ताईंनाही म्हणाले, तुमचं ऐकते ती, दुसऱ्याचं जरा मनावर घ्यायला सांगा की. त्या म्हणाल्या, "ते सांगितलंत का?" मला वाटलं, विषय टाळतायत.

अलीकडं त्या कॅमेरा बंद ठेवून बोलायच्या. विचारलं तर म्हणायच्या, इथं रेंज नाही आजी. मी चेष्टेनं म्हणाले, "आमाला उजेडात बसवलंत आणि तुमी लपता व्हय?" त्या हसल्या, हसताना खोकल्या. औषधांनी चेहरा ओळखू येईनासा झाला होता, हे आम्हाला त्या गेल्यावर कळलं. मधे गुडघा दाखवायला मी मिरजेला गेले होते. त्यांचं घर लांब नव्हतं. पण दारात पाऊल टाकताच "सांगितलंत का?" आलं असतं, म्हणून एक्सरे घेऊन सरळ परतीची गाडी धरली. ज्या बाईनं माझ्या घरातला कोपरा न् कोपरा बघितला, तिला मी एकदाही समोरासमोर बघितलं नाही.

तो हेडफोन कॅलेंडरच्या खिळ्याला तसाच लटकलाय. कधी कधी मी तो डाव्या कानात घालून बसते. वायर कशालाच जोडलेली नसते, पण प्रश्न नेमका ऐकू येतो.

निरोप आला त्याच आठवड्यात पल्लवी ओट्यापाशी घेवडा निवडत होती. मी शेजारी बसले आणि सदरा, जुडगा, गूळ, भिंत, सगळं सांगितलं. मधेच विनोद करायला गेले, ती हसली नाही. तिचे हात थांबले. शेंगा बाजूला सारून ती बोलली. तिला विचारूनच हे लिहितेय; म्हणाली, लिहा, पण माझे शब्द बदलू नका. म्हणून जसेच्या तसे देते:

"मला वाटलं, माझ्याच हातात पोर बिघडतं. म्हणून मी दुसरं नको म्हणाले, आई. हे तेव्हा सांगायचं होतंत."