बाकाचं टोक

टोमॅटोच्या बरण्या भरायच्या दिवशी ऑर्लो स्टौबर घरात थांबत नसे. रेडिओ उचलून तो मागच्या ओसरीवर जाई आणि लांब बाकाच्या अगदी टोकाला बसे. उकळत्या पाण्यातून काढलेली बरणी टेबलावर निवू लागली की तिचं झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज होतो. व्हर्नाला, त्याच्या बायकोला, तो आवाज आवडायचा. झाकण बसलं, हिवाळ्याची सोय झाली. ऑर्लोला मात्र तो सोसवत नसे. का सोसवत नाही हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, कारण तिला ते माहीत होतं.

त्या ऑगस्टमधल्या रविवारी व्हर्नाची बहीण लॉइस मदतीला आली होती. चर्चमधून परस्पर आली, टोपी काढून ठेवावी तशा चपला दारात काढल्या आणि टोमॅटो सोलायला बसली. जाळीच्या दारातून बाहेरचा रेडिओ ऐकू येत होता. ऑर्लोच्या जुन्या बेसबॉल क्लबात एक नवखा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आला होता. सहा इनिंग झाल्या तरी समोरच्यांपैकी एकालाही त्याच्या चेंडूवर धड फटका मारता आला नव्हता.

"अगं, ऐकलंस का? या पोराला अजून कुणी..." लॉइस म्हणाली.

"टोमॅटो सोल," व्हर्ना म्हणाली.

लॉइसने जीभ चावली. सामना असा बिनफटक्याचा चाललेला असताना ते बोलून दाखवायचं नाही, हे त्यांच्या गावात शाळेतली मुलंसुद्धा सांगतील. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, बाकावर त्याच्या शेजारी बसायचं नाही. कुणी तोंड उघडलं की सगळं मोडतं. रेडिओवरचा माणूसदेखील इकडचं तिकडचं बोलत होता, ढगांबद्दल, गर्दीबद्दल.

लॉइसने जाळीतून बाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "व्हर्ना, त्याने लोकरीचं जॅकेट का घातलंय? आणि तेही एकाच हातात?"

"पिचर घालतात. आपल्या संघाची फलंदाजी चालू असताना हात गार पडू नये म्हणून."

"पण हा पिचर कुठे आहे? हा तर बियाण्यांच्या गोदामात कामाला आहे."

व्हर्नाने पुढचा टोमॅटो उचलला. सामना सुरू झाल्यापासून ती बघत होती. नवखा पिचर चेंडू टाकायला मैदानात गेला की ऑर्लो जॅकेट काढून मांडीवर ठेवी. पिचर परत येऊन बसला की हाही डावा हात बाहीत घाली. बाहेर इतकं ऊन होतं की ओसरीच्या पायरीवर मांजर टेकत नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, ऑर्लोला मोठ्या लीगमधून बोलावणं आलं. तेव्हा तो चोवीसचा होता. तिथे तो अकरा दिवस राहिला आणि तीन सामने खेळला. पहिल्या सामन्यात त्याला दोन इनिंग मिळाल्या, दुसऱ्यात तीन. तिसऱ्याची सुरुवातच त्याच्यावर सोपवली, कारण नेहमीचा पिचर तापाने पडला होता. व्हर्ना बसने सहा तासांचा प्रवास करून गेली होती आणि खेळाडूंच्या बाकासमोरच्या कठड्याजवळ बसली होती. पाच इनिंग झाल्या, सहा झाल्या, फटका नाही. बाकावरची माणसं एकेक करून सरकत लांब गेली. टोकाला एकटा ऑर्लो उरला, डाव्या हातात जॅकेट घातलेला, आणि त्याच्या शेजारी चार माणसांची रिकामी जागा.

तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

लग्नाला एक वर्ष झालं होतं. त्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला स्पष्ट कळलं. हात गेला होता. एका शब्दाचं काम होतं. कुणीतरी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि त्याला खेळातून बाहेर काढलं असतं. पण व्हर्ना याच लोकांत वाढली होती. पिचरची बायको होऊन आपण त्याचा सामना मोडायचा? तिने मान वळवली आणि समोरच्या जाहिरातीच्या फळ्या वाचत बसली.

तो आणखी दोन इनिंग तसाच टाकत राहिला. आठव्यात फटका बसला आणि सगळे एकदम त्याच्याशी बोलू लागले. डॉक्टरांना त्याने सांगितलं, सहाव्या इनिंगमध्ये कोपरात आवाज झाला, बरणीचं झाकण बसतं तसा. नंतर तो हात कंगव्यापुरताही डोक्यावर गेला नाही.

गावात परतल्यावर कुणी त्या दिवसाचा विषय काढला नाही. सुरुवातीला दया म्हणून, मग सवय म्हणून. ऑर्लो चर्चमध्ये बाकाच्या टोकाला बसे आणि लोक नकळत मधे चार माणसांची जागा सोडत. न्हाव्याकडे, गोदामाच्या दारातल्या फळीवरही तेच. व्हर्नाला कधी कधी वाटे, त्याच्यापुरता तो सामना अजून चालू आहे, आणि आपण सगळे तो मोडू नये म्हणून गप्प आहोत.

"नववी लागली, शेवटची," लॉइस कुजबुजली. सोललेला टोमॅटो तिच्या हातात तसाच होता.

व्हर्नाने शेवटच्या सात बरण्या टेबलावर मांडल्या होत्या. पातेल्यात सातच मावतात. काम करता करता झाकणं मोजायची तिची जुनी सवय. टक्. टक्. बाहेर पहिला गडी बाद झाला. टक्. दुसरा बाद झाला. चार, पाच, सहा, सात. सातही झाकणं बसली. तिने फडक्याला हात पुसले.

टक्.

आवाज ओसरीवरून आला.

लॉइसने वर पाहिलं. "आठवी कुठली?"

व्हर्ना जाळीच्या दाराशी गेली. नवखा पिचर मैदानात होता, म्हणजे ऑर्लोने जॅकेट काढून ठेवायला हवं होतं. पण त्याचा डावा हात बाहीतच होता. तोंड राखेसारखं झालं होतं आणि हनुवटीवरून घाम गळत होता. त्याने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. तोच चेहरा होता. वय तेवढं वेगळं.

तिने दाराची कडी धरली.

"बोलू नकोस गं," लॉइस मागून म्हणाली. "एकच गडी राहिलाय. त्या पोराचा तरी होऊ दे."

रेडिओवरचा माणूस गप्प झाला होता. नुसती हजारो लोकांच्या श्वासांची घरघर येत होती. आपले पाय मागे सरकताहेत, मान वळते आहे, हे व्हर्नाला कळलं. समोर भिंतीवर दिनदर्शिका होती. ती त्यावरच्या तारखा वाचू लागली होती.

मग तिने दार ढकललं, ओसरीवर गेली आणि त्या रिकाम्या जागेत त्याला चिकटून बसली.

"ऑर्लो, हात दुखतोय का?"

त्याचे ओठ हलायला वेळ लागला. "सहाव्या इनिंगपासून."

रेडिओत लाकडावर चेंडू आदळल्याचा आवाज झाला आणि सगळं मैदान एकदम कण्हलं. फटका बसला होता.

"लॉइस, डॉक्टरला फोन लाव," व्हर्ना म्हणाली. "हाताचं नाही म्हणावं, छातीचं आहे."

जिल्ह्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर बोलण्यात अर्थ नव्हता. सकाळी ऑर्लोला जाग आली तेव्हा व्हर्ना खुर्चीत बसली होती.

"त्या दिवशी तू पाहिलं होतंस," तो म्हणाला.

"पाहिलं होतं."

"आणि कळलंही होतं."

"हो."

त्याने नजर छताकडे वळवली. रागावलाय की काय, तिला कळेना. "मला वाटायचं, कुणाच्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "जा, माझे कपडे घेऊन ये. हा झगा मागून उघडा आहे."

ती घरी आली तेव्हा लॉइस ओसरीच्या पायऱ्यांखाली, अंगणात उभी होती. वर जायला तयार नव्हती.

"गावात बोलताहेत. तू तोंड उघडलंस म्हणून त्या पोराचा सामना गेला म्हणे."

"बोलू देत की. आणि तू उन्हात का उभी?"

"ते जॅकेट बघ. काल मी बाही सरळ करून ठेवली होती. आज सकाळीही केली. तिसऱ्यांदा मी हात लावणार नाही."

जॅकेट बाकाच्या टोकाला होतं. डावी बाही कोपरात वाकलेली, आत हात असावा तशी फुगीर. वारा अजिबात नव्हता. पाठीमागे स्वयंपाकघरातल्या सातही बरण्या नीट बंद होत्या, तिने घरातून येता येता प्रत्येकीच्या झाकणावर बोट दाबून पाहिलं होतं.

व्हर्ना बाकाकडे गेली. मधे जागा न सोडता बसली. बाहीवर हात ठेवला, तर ती आतून कोमट लागली, नुकताच कुणी हात बाहेर काढावा तशी.

"जरा सरक," चोवीस वर्षांच्या ऑर्लोला सांगावं तसं ती म्हणाली, आणि लॉइसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारू लागली, आता कसं वाटतंय, फार दुखतंय का, आणि इतकी वर्षं कुठे कुठे दुखत होतं.