ओल्या वाळूतली वाटी

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात आम्ही पिस्कॅटवेला राहत होतो. खरं तर मीच राहत होते. नवऱ्याचं प्रोजेक्ट दुसऱ्या राज्यात. सोमवारी पहाटे विमानाने जायचा, शुक्रवारी थकून यायचा. माझ्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती. नागपूरला कॉलेजात शिकवणारी मी, इथे दुपारी पोस्टाची गाडी आली की खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

शेजारच्या गराज सेलमध्ये वाळूत पुरलेला धातू हुडकणारा जुना मेटल डिटेक्टर दिसला, तो घेतला. घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. गाडीने पाऊण तासावर समुद्र होता; थंडीत तिथे चिटपाखरू नसतं.

पहिल्याच दिवशी ओल्या वाळूवर यंत्र नुसतं केकाटत राहिलं. बिघडलंय म्हणून परत निघाले, तर तसंच यंत्र घेतलेले एक गोरे आजोबा कानावरचा हेडफोन सरकवत म्हणाले, "खाऱ्या पाण्यालाच ओरडतंय ते. सेन्सिटिव्हिटी कमी करा आणि हळू चला." त्यानंतर ते लांबूनच मान हलवायचे. कित्येक आठवडे माझं बाहेरचं बोलणं म्हणजे तेवढंच.

कॅनची झाकणं आणि सोनं यंत्राला जवळपास सारखंच वाटतं, त्यामुळे प्रत्येक आवाजाला खणावं लागे. निघायची झाकणंच. पण एकदा वादळाने वरची वाळू ओढून नेली, आणि खणलेली वाळू चाळताना चाळणीत एक पिवळी वाटी राहिली. मंगळसूत्राची, दोनातली एकच. मणी, दोरा काही नाही. माझा हात आपोआप मफलरखाली गळ्याशी गेला.

"बटण?" जवळ येऊन आजोबांनी विचारलं.

"लग्नातलं आहे," मी म्हटलं.

आयसेलिनच्या भारतीय ग्रोसरीच्या दुकानात मी फोन नंबर देऊन मराठीत चिठ्ठी लावली: मंगळसूत्राची वाटी सापडली आहे, खूण सांगून न्यावी. बरेच दिवस काहीच नाही. मग एका दुपारी फोन वाजला.

"कडेला चेपलीय का?" एका बाईचा आवाज. "माझी मुलगी तान्ही असताना चावायची."

चेपलेली होतीच. मी आनंदाने म्हटलं, "कधी येताय न्यायला?"

"नकोय मला ती. हरवली नव्हती, मी टाकली होती."

"मग फोन का केलात?"

"चिठ्ठी मराठीत होती म्हणून."

बाहेर अंधारून आलं तरी आम्ही बोलत होतो. ती मुलीला घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला चालली होती, नव्या नोकरीवर. नवऱ्याबद्दल तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मध्येच म्हणाली, "तुम्ही रोज एकट्याच जाता तिथे?" मी विषय बदलला. फोन ठेवताना मी म्हटलं, "मुलीसाठी तरी ठेवा." मग तिने नवा पत्ता आणि फोन नंबर सांगितला.

वाटी कापसात गुंडाळून पाठवली. पोचल्याचा काही निरोप आला नाही, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला मीच फोन केला. मुलीने उचलला. आई कामावर आहे, असं तिने इंग्रजीत सांगितलं.

"मावशीचा फोन होता म्हणून सांग."

"विच मावशी?"

मी माझं नाव सांगितलं. तिने ओके म्हणून फोन ठेवला. त्या आठवड्यात मी दुपारची समुद्रावर गेले नाही, न जाणो फोन आला तर.

आला नाही. मग पुन्हा जाऊ लागले.